केस पेपरसारखी कविता : अंगोलाचे डॉक्टर-कवी आगोस्तिन्यो नेतो

बाभूळवन

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

मी डॉक्टर आहे. एमबीबीएस झाल्यावर बॉंडचा काळ एका आदिवासी तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढला. संध्याकाळी लाईट गेली की क्वार्टरमध्ये टॉर्च लावून वाचत पडायचं, दुसरं काही करायला नसायचं. मैत्रिणीनं आफ्रिकन कवितांच्या इंग्रजी भाषांतरांचं एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. त्यातल्या एका छोट्या कवितेपाशी मी अडकले ती आजवर तिथेच आहे. कवितेचं नाव 'पाश्चात्त्य संस्कृती'.

कवितेत काय आहे? जमिनीत रोवलेले दांडे, त्यांवर ठोकलेले पत्रे, झालं घर. चिंध्यांनी बाकीचं चित्र पुरं केलेलं. फटींतून ऊन आत येतं आणि माणसाला जागं करतं. मग बारा तासांची गुलामी. दगड फोडायचे, दगड वाहायचे, पुन्हा फोडायचे, पुन्हा वाहायचे. ऊन असो, पाऊस असो. म्हातारपण लवकर येतं. काळोख्या रात्री एक चटई मिळाली की पुरे, तिच्यावर तो मरून जाईल, उपकार मानत आणि उपाशी.

मी त्या दिवशी ओपीडीत साठ-सत्तर केस पेपर लिहून आले होते. वय, गाव, घर कुडाचं की पत्र्याचं, काम काय करता, ताप किती दिवसांपासून, काल काय खाल्लं. कविता वाचून संपली तेव्हा अंगावर काटा आला, कारण ती हिस्टरीच होती. घर, झोप, काम, कामाचे तास, वय, आहार. एका रुग्णाची पद्धतशीर घेतलेली हिस्टरी, आणि निदान शीर्षकात लिहिलेलं.

मागे कवीची ओळख दिली होती. ऑगस्टिनो नेटो, डॉक्टर, अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. डॉक्टर हा शब्द वाचला आणि मग मला तो माणूस सोडवेना. जे हाती लागलं ते इथे मांडते.

जन्म १७ सप्टेंबर १९२२, लुआंडाजवळच्या इकोलो इ बेंगो भागातल्या काशिकाने गावी. वडील मेथडिस्ट पाद्री, आई शिक्षिका. म्हणजे घरात पुस्तकं होती, आणि त्या काळच्या अंगोलात ही फार मोठी चैन होती. अंगोला तेव्हा पोर्तुगालची वसाहत. पोर्तुगीज कायद्यानं काळ्या माणसांचे दोन भाग केले होते. पोर्तुगीज बोलणारे, युरोपियनांसारखं राहणारे, तसं सरकारदरबारी सिद्ध करून कागद मिळवलेले ते 'आसिमिलादो', म्हणजे सामावून घेतलेले. बाकी सगळे 'एतद्देशीय'. पहिल्या गटात काळ्या लोकसंख्येतले एक टक्काही नव्हते. दुसऱ्या गटातल्या माणसाला 'कंत्राटा'वर कुठेही कामाला धाडता यायचं. रस्त्यावर, कापसात, कॉफीच्या मळ्यात, नाहीतर बोटीत घालून साओ टोमे बेटावरच्या कोकोच्या मळ्यांत. तिथल्या वेठबिगारीचा बोभाटा इतका झाला होता की १९०९ साली कॅडबरीनं तिथला कोको घेणं थांबवलं. नेटो जन्मले तेव्हा या गोष्टीला तेरा वर्षं होऊन गेली होती आणि कंत्राट चालूच होतं.

लुआंडाच्या लिसेऊमधून, म्हणजे माध्यमिक शाळेतून, १९४४ साली शिक्षण पूर्ण झालं. पुढची तीनेक वर्षं वसाहतीच्या आरोग्य खात्यात नोकरी. मला हा काळ महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर होण्याआधीच त्यांनी दवाखान्याची रांग टेबलाच्या अलीकडून पाहिली होती. अंगोलात तेव्हा विद्यापीठच नव्हतं, मेडिकल कॉलेज तर दूरच. म्हणून १९४७ साली पोर्तुगालला कोइंब्राला गेले, नंतर लिस्बनला. पुढे मेथडिस्ट चर्चची शिष्यवृत्ती मिळाली.

लिस्बनला वसाहतींतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी सरकारनंच एक घर काढलं होतं, 'साम्राज्याच्या विद्यार्थ्यांचं घर'. हेतू असा की पोरं नजरेखाली राहतील. झालं उलटंच. गिनीचे आमिल्कार काब्राल, मोझांबिकचे मार्सेलिनो दुश सांतुश, अंगोलाचेच मारियो पिंतो दि आंद्रादे, सगळे तिथे एकमेकांना भेटले. साम्राज्य मोडणारी पिढी साम्राज्याच्याच वसतिगृहात तयार झाली.

मग तुरुंग. १९५१ साली शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या गोळा करताना पकडलं. पुन्हा १९५२. मग १९५५ ते १९५७ सलग दोन वर्षांहून जास्त. सुटकेसाठी सार्त्र, सिमोन द बोव्हा, आरागाँ, निकोलास गियेन अशा नामवंत लेखक-कवींनी सह्या केल्या. एमबीबीएसला एखादी एटीकेटी लागली तरी आमचं अवसान गळायचं. या माणसानं तुरुंगाच्या फेऱ्या करत करत १९५८ साली डॉक्टरकी पूर्ण केली. त्याच सुमारास मारिया युजेनिया दा सिल्वा या पोर्तुगीज लेखिकेशी लग्न.

१९५९ च्या अखेरीस लुआंडाला परत आले आणि दवाखाना काढला. पत्र्याच्या वस्त्यांतली, ज्यांना तिकडे 'मुसेक' म्हणतात, माणसं त्यांच्याकडे यायची. जेमतेम सहा महिने तो दवाखाना चालला. ८ जून १९६० ला गुप्त पोलीस आले आणि पेशंटांच्या समोर डॉक्टरांना उचलून नेलं.

आणि आता ज्यासाठी हा धागा काढला ते. डॉक्टरांच्या गावाकडची माणसं, त्यांत त्यांचे पेशंट होते, चालत निघाली, डॉक्टर परत द्या म्हणायला. सैन्यानं गोळीबार केला. तीस जण ठार, दोनशेच्या आसपास जखमी असा आकडा सगळीकडे दिला जातो.

मी कित्येक डॉक्टरांवर पेशंटांच्या नातेवाइकांनी हात उचललेला पाहिला आहे, एकदा स्वतः दार लावून आत बसले आहे. डॉक्टरसाठी माणसं बंदुकांसमोर चालत गेली, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. काय दिलं असेल त्यानं सहा महिन्यांत? क्विनीन, इंजेक्शनं, जखमांची मलमपट्टी, हे तर सगळेच देतात. मला वाटतं तो नाव विचारत असेल, आणि उत्तर ऐकून घेत असेल.

पुढचं थोडक्यात. लिस्बनचा आल्जुब तुरुंग, मग केप व्हर्दे बेटांवर हद्दपारी, तिथेही डॉक्टरकी, पुन्हा अटक, पुन्हा आल्जुब. १९६२ साली सुटून नजरकैदेत असताना बायकोमुलांसह छोट्या बोटीतून मोरोक्कोला निसटले. एमपीएलए या स्वातंत्र्य चळवळीचे अध्यक्ष झाले. तेरा वर्षांची जंगलातली लढाई, ११ नोव्हेंबर १९७५ ला स्वातंत्र्य, आणि १० सप्टेंबर १९७९ ला मॉस्कोत स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं मृत्यू. सत्तावन्नावा वाढदिवस एका आठवड्यावर होता.

इथे कुणी त्यांच्या कविता वाचल्या आहेत का? पोर्तुगीज येणारं कुणी आहे का? मूळ कशी वाटते ते ऐकायचं आहे.

---

सांजपावली

सुरेख लिहिलंय. हे नावही ऐकलं नव्हतं. 'निदान शीर्षकात' हे वाचून थांबले आणि कविता पुन्हा वरून वाचली. आणखी कवितांबद्दल लिहाच.

---

मांडवीकाठ

ताई, आधी एक दुरुस्ती, राग मानू नका. आमच्या घरात आजीपर्यंत पोर्तुगीज बोलत, म्हणून कानाला खटकलं. नाव 'आगोस्तिन्यो नेतो'. शेवटचा ओ तर ते लोक अर्धवट 'उ'सारखा गिळतात.

आता मुद्द्याचं. अंगोलात मेडिकल कॉलेज नव्हतं म्हणून त्यांना पोर्तुगालला जावं लागलं, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या पणजीत मात्र १८४२ पासून होतं, 'इश्कोला मेदिका'. आणि तिथून शिकून निघालेले गोंयकार डॉक्टर जायचे कुठे? पुष्कळसे अंगोलात आणि मोझांबिकमध्ये, सरकारी आरोग्य सेवेत. युरोपियन डॉक्टर त्या आडजागी जायला नाखूश, आणि गोव्याची पदवी लिस्बनच्या बरोबरीची धरत नसत, म्हणजे पगार आणि हुद्दाही खालचा. त्यामुळे अंगोलातल्या कितीतरी खेड्यांत पहिला सुई टोचणारा डॉक्टर आमच्यातला कोणीतरी शेणवी नाहीतर क्रिस्तांव असायचा.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ त्यांपैकीच. घरात त्यांना 'आंगोलाबाब' म्हणत. एक पत्र्याची पेटी आहे त्यांची, मोठ्या घरात माळ्यावर. गणपतीला गेलो की काढून बघतो.

---

बाभूळवन

मांडवीकाठ, राग कसला! शीर्षक दुरुस्त केलं. मजकुरात तसंच ठेवते, नाहीतर तुमचा प्रतिसाद कळायचा नाही.

गोव्याच्या डॉक्टरांचं हे मला माहीत नव्हतं. नेतोंनी ज्या आरोग्य खात्यात नोकरी केली तिथे वरच्या खुर्चीवर गोव्याचा माणूस बसलेला असण्याची पुरेपूर शक्यता आहे तर. पेटी नक्की बघा हो.

---

जुना सातारकर

गोव्याचा धागा निघालाच आहे तर थोडी भर.

ज्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे 'पिडे'नं, नेतोंना उचललं त्यांचेच तुरुंग आपल्या माणसांनीही भोगले. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. १९६० साली त्यांना पोर्तुगालला नेलं आणि लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला, रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये! सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती खटपट केली ते आमच्या पिढीला आठवतं. म्हणजे १९६० च्या आसपास अंगोलाचा कवी आल्जुबमध्ये आणि आपला शिक्षक काशियसमध्ये, एकाच शहराच्या पंचक्रोशीत, एकाच सालाझारचे, पोर्तुगालच्या हुकूमशहाचे, कैदी.

दुसरं, १९६१ च्या एप्रिलमध्ये पोर्तुगीज वसाहतींतल्या सगळ्या चळवळींनी कासाब्लांकाला एकत्र येऊन संघटना केली. अंगोला, गिनी, मोझांबिक, साओ टोमे, आणि त्यांच्या पंक्तीला गोवा. बार्देशात जन्मलेले आकिनो दि ब्रागांसा हे त्या कामातले मोठे नाव. पुढे ते मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार झाले आणि १९८६ साली त्यांच्याबरोबरच विमान अपघातात गेले. १९६१ च्याच ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद भरला होता. आफ्रिकन पुढाऱ्यांनी नेहरूंना बजावलं की तुम्ही गोव्यात हलल्याशिवाय आमच्याकडची गाठ सुटायची नाही. दोन महिन्यांत सैन्य गोव्यात शिरलं.

आपण गोवामुक्तीचा इतिहास मांडवी ते तेरेखोल एवढाच शिकतो. तो लुआंडापर्यंत जातो.

---

कडूनिंब

लेख चांगला आहे, पण एक शंका. डॉक्टर राजकारणात गेला की डॉक्टर राहत नाही. सहा महिने दवाखाना चालवला आणि मग आयुष्यभर लढाई. याला सार्वजनिक आरोग्याचं काम म्हणायचं का?

---

बाभूळवन

कडूनिंब, प्रश्न रास्त आहे. मी असं बघते.

१९६१ साली उत्तर अंगोलात उठाव झाला, पोर्तुगिजांनी गावंच्या गावं जाळली आणि निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून काँगोत गेले. एमपीएलएनं तिथे, लिओपोल्डविलला (आजचं किन्शासा), निर्वासितांच्या सेवेसाठी स्वयंसेवकांचं पथक उभं केलं. चळवळीतल्या डॉक्टरांनी सीमेलगत दवाखाने चालवले. नेतोंची चुलत बहीण देओलिंदा रोद्रिगेस या कामात पुढे होती. पुढे तिला शत्रुगटानं पकडलं आणि मारलं. १९६३ साली काँगो सरकारनं प्रतिस्पर्धी संघटनेला मान्यता दिली आणि हे दवाखाने बंद पडले. मग चळवळीनं आपलं बस्तान नदीपलीकडच्या दुसऱ्या काँगोत, ब्राझाव्हिलला, हलवलं आणि तिथून आपली वैद्यकीय सेवा पुन्हा उभी केली.

आणखी एक नाव सांगते. डॉ. आमेरिको बोआविदा, लुआंडाचेच, नेतोंहून वर्षभरानं लहान. युरोपात सुखानं प्रॅक्टिस करता आली असती. ते पूर्वेच्या जंगलातल्या तळावर लढवय्यांना आणि आसपासच्या गावकऱ्यांना तपासत होते. सप्टेंबर १९६८ मध्ये पोर्तुगीज हेलिकॉप्टरांच्या हल्ल्यात तिथेच मारले गेले. लुआंडातल्या मोठ्या रुग्णालयाला आज त्यांचं नाव आहे.

राहिला नेतोंचा कारभार. १९७५ साली तीन लाखांच्या आसपास पोर्तुगीज देश सोडून गेले, त्यांच्याबरोबर बहुतेक सगळे डॉक्टरही. स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी राजधानीच्या उत्तर वेशीवर, किफांगोंदोला, तोफा चालू होत्या. दक्षिणेकडून दक्षिण आफ्रिकेचं सैन्य चढून येत होतं. अशात नव्या सरकारनं आरोग्यसेवा मोफत आणि सरकारी केली, क्यूबातून सैनिकांबरोबर डॉक्टर आले, १९७६ साली साक्षरतेची मोहीम निघाली. किती साधलं? फार थोडं. यादवी २००२ पर्यंत चालली, आणि सुरुंगांनी पाय गेलेल्या माणसांचा देश म्हणून जगाला अंगोला माहीत झाला. मी काही यशोगाथा सांगत नाही.

पण एक सांगू? आमच्या केंद्रात कुपोषणाचं मूल आलं की आम्ही त्याला पंधरा दिवस ठेवून, वजन वाढवून घरी पाठवायचो. दोन महिन्यांनी तेच मूल, तेच वजन. घरी जाऊन बघितलं तर आई-बाप वीटभट्टीवर. मी वरच्या साहेबांना ते लिहून कळवलं. उत्तर आलं, विहित नमुन्यात रोजगाराचा रकाना नाही, तरी फक्त वजन कळवावे. तेव्हापासून मला वाटत आलंय की तो रकाना मागणं हेसुद्धा डॉक्टरचंच काम आहे. नेतोंच्या कवितेत तो रकाना आहे. 'कंत्राटी' नावाची त्यांची दुसरी एक कविता आहे, ओझी वाहत वाटेनं निघालेल्या माणसांची लांबच लांब रांग. पाठीवरचं वजन, चेहऱ्यावरची भीती, आणि ती माणसं गाताहेत. वाचताना मला मणके दिसतात त्यांचे.

---

सांजपावली

तो रकान्याचा प्रसंग वाचून कसंतरी झालं.

'आम्ही परतणार' अशा अर्थाची एक कविता त्यांचीच ना? कॉलेजात एका आफ्रिकन विद्यार्थ्यानं स्नेहसंमेलनात म्हटली होती. भाषा कळली नव्हती, पण एकच ओळ परत परत येत होती आणि शेवटी आम्ही सगळे ती त्याच्याबरोबर म्हणत होतो.

---

मांडवीकाठ

तीच. 'आव्हेमुश दि व्होल्तार'. ऑक्टोबर १९६० मध्ये आल्जुबमध्ये लिहिलेली. घरांकडे परतू, पिकांकडे, किनाऱ्यांकडे, शेतांकडे. कॉफीनं लाल, कापसानं पांढऱ्या, मक्यानं हिरव्या आमच्या जमिनींकडे. मग खाणी, मग नद्या-तळी, मग मारिंबा आणि किसांजी ही वाद्यं, मग कार्निव्हाल. अगदी सोपे शब्द आहेत, पोर्तुगीज शिकणाऱ्या पोरालाही कळतील असे. मूळ वाचताना पावलांचा ठेका लागतो. बाभूळवन ताईंनी विचारलं होतं कशी वाटते म्हणून, तर अशी वाटते, रांगेत चालताना म्हणायची.

---

पाटी पेन्सिल

सगळा धागा वाचला. मनापासून लिहिला आहे, म्हणून हे लिहायला जड जातंय, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिता वालिश हे नाव इथे यायला हवं. आई-वडील गोव्याचे, जन्म १९५१ चा, अंगोलातल्या काबिंदाचा. आधी लुआंडात आणि मग लिस्बनला मेडिकल शिकत होती. तिथे विद्यार्थी चळवळीत शिरली, कम्युनिस्ट विद्यार्थी संघटनेतली धडाडीची कार्यकर्ती झाली. १९७५ साली शिक्षण, पोर्तुगाल, सगळं सोडून नव्या देशाच्या कामाला लुआंडाला परतली.

२७ मे १९७७ ला नेतोंच्याच पक्षातल्या एका गटानं, नितो आल्व्हेस आणि जोझे व्हान दुनें यांच्या नेतृत्वाखाली, उठाव केला. तो काही तासांत मोडला. व्हान दुनें हा सिताचा नवरा. त्यानंतर जे झालं ते अनेक आठवडे, महिने चाललं. धरपकड, छळ, गोळ्या. मेलेल्यांचे अंदाज काही हजारांपासून तीस हजारांपर्यंत जातात. नेतोंनी जाहीरपणे सांगितलं होतं की दयामाया होणार नाही, खटल्यांत वेळ घालवणार नाही. सिताला १९७७ च्या ऑगस्टमध्ये गोळ्या घातल्या. वय पंचवीस. मूल काही महिन्यांचं. तिचा भाऊ आदेमारही मारला गेला. घरच्यांना ना देह मिळाला, ना कागद. अंगोलाच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागितली ती २०२१ साली.

तुमच्या लेखात १९७५ नंतर थेट १९७९ आहे. मधलं सोडून कसं चालेल?

---

जुना सातारकर

पाटी पेन्सिल, घडलं ते भयंकरच. पण देशाचा जन्म होऊन दीड वर्ष झालेलं, दोन्ही बाजूंनी परकी सैन्यं येऊन गेलेली, आणि बंडवाल्यांनीही त्या दिवशी सरकारातली मोठी माणसं ठार केली होती. हेही सांगायला हवं.

---

पाटी पेन्सिल

सांगायला हवंच. पण पहिल्या दिवशी बंड मोडलं. ऑगस्टमध्ये कसली आणीबाणी होती? कैदेतल्या पंचवीस वर्षांच्या बाईपासून देशाला कुठला धोका होता?

---

बाभूळवन

दोन दिवस उत्तर दिलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं.

पाटी पेन्सिल, मी ते सोडलं हे खरं आहे. वाचलं होतं, पण 'पुढचं थोडक्यात' म्हणून ढकलून दिलं. सिताबद्दल मात्र काहीच माहीत नव्हतं. ती मेडिकलची विद्यार्थिनी होती हे वाचून मी फोन खाली ठेवला.

एक गोष्ट राहिली होती, ती आता लिहिलीच पाहिजे. २८ मे १९६१ ला लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये पीटर बेनेन्सन नावाच्या वकिलाचा लेख आला, 'विस्मरणात गेलेले कैदी'. केवळ मतांसाठी कोंडलेल्या सहा जणांची त्यात ओळख होती. रुमानियाचा एक तत्त्वज्ञ, ग्रीसचा एक कामगार पुढारी, अमेरिकेतला वर्णभेदाविरुद्ध उभा राहिलेला एक पाद्री, पूर्व युरोपातले दोन धर्मगुरू, आणि अंगोलाचे डॉक्टर-कवी आगोस्तिन्यो नेतो. त्या लेखातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल उभी राहिली. म्हणजे खटल्याशिवाय कुणालाही कोंडू नका असं सांगणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या पहिल्याच कागदावर नेतोंचं नाव आहे. मी हा मजकूर मूळ लेखात अभिमानानं लिहिणार होते, लांबी वाढते म्हणून काढला. आता तो अभिमानानं लिहिता येत नाही.

सोळा वर्षांनी त्याच माणसाला खटला हा वेळेचा अपव्यय वाटला. आल्जुबच्या कोठडीत त्याला काय वाटत असेल ते त्यानं लिहून ठेवलं आहे, मी ते पाठ केलं आहे. तरी हे झालं. मी याचं समर्थन करणार नाही. सातारकर काका, तुमचा मुद्दा कळतो, पण नाही करणार.

आणि कविताही फेकणार नाही. त्या पत्र्याच्या घरातल्या माणसाची हिस्टरी खरी आहे. ती घेणाऱ्याचे हात नंतर रक्तानं माखले म्हणून तो माणूस जगलाच नाही असं होत नाही. ८ जूननंतर चालत गेलेली माणसंही खरी, आणि सिताही खरी. लेखाच्या शेवटी घालायला १९७७ चा परिच्छेद लिहिला आहे, सिताच्या नावासकट. संपादकांना विनंती, मूळ मजकुरात तेवढा बदल करून द्यावा.

---

पाटी पेन्सिल

मनापासून आभार. एवढंच हवं होतं.

---

कडूनिंब

माझी शंका मागे घेतो, निदान अर्धी. 'रोजगाराचा रकाना' डोक्यातून जात नाही. मी जिल्हा परिषदेत फॉर्म छापून घेण्याचं काम बारा वर्षं केलं आहे.

---

मांडवीकाठ

चवथीला घरी गेलो होतो. पेटी काढली.

आत पिथ हेल्मेटचा पट्टा, एक काचेची सिरिंज धातूच्या डबीत, क्विनीनच्या रिकाम्या बाटल्या आणि एक लांबट वही. आंगोलाबाब तिथे १९३८ पासून दहा-बारा वर्षं होते, म्हणजे नेतो लुआंडात शिकत होते, नंतर आरोग्य खात्यात होते, तेव्हाची वही.

अक्षर बारीक, पण लागतं. चार रकाने. तारीख, नाव, दुखणं, औषध. युरोपियन रुग्णांची नावं पुरी, आडनावासकट, पुढे 'सेन्योर'. बाकीच्यांना बहुतेक एकच नाव, जुआंव, मारिया, पुन्हा जुआंव. काही ठिकाणी नावाच्या जागी नुसता आकडा, मळ्यावरून एकदम आणलेली माणसं असावीत. दुखण्याच्या रकान्यात सुरुवातीची पानं नीट आहेत. हिवताप, जंत, नारू, पायाची जखम.

मग १९४१ च्या पुढे एक शब्द वारंवार येऊ लागतो. 'कांसासु'. मी आईला विचारलं, तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, थकवा. एका पानावर मी मोजलं, बावीस नावांपैकी चौदा नावांपुढे तेच. थकवा, थकवा, थकवा. औषधाचा रकाना त्या चौदांपुढे कोरा आहे.

फोटो काढले आहेत. वही फार नाजूक आहे, पानं सुटतात, म्हणून सगळी नाही उघडली. ताई, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

---

बाभूळवन

करा. आज रात्रीच बघते. कोऱ्या रकान्यांची पानंही पाठवा, वगळू नका.